विंडोज ११: सेवा केंद्रातल्या रोजच्या कामासाठी फाइल एक्स्प्लोरर कसा लावून घ्यावा?

दाखला_खिडकी

महा ई-सेवा केंद्रात दोन संगणक आहेत, दोन्हींवर विंडोज ११. काम दिवसभर एकाच साच्याचं: अर्जदाराची कागदपत्रं स्कॅन करणं, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो उतरवून घेणं, आकार कमी करून पोर्टलवर चढवणं, नंतर पावती आणि दाखला डाउनलोड करून छापणं. फाइल एक्स्प्लोरर आल्या दिवसापासून जसा होता तसाच आहे. त्यातल्या या गोष्टी कामात आड येतात:

– विंडोज+ई दाबलं की 'होम' उघडतं आणि आधीच्या अर्जदारांच्या आधार-पॅनच्या फाइली समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसतात.
– स्कॅन एका ठिकाणी पडतात, डाउनलोड दुसऱ्या, काही वस्तू डेस्कटॉपवर. फाइल शोधण्यातच वेळ जातो.
– जुन्या स्कॅनचं फोल्डर उघडलं की वरच्या पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत राहते, यादी लवकर दिसत नाही.
– डाउनलोडमध्ये 'टुडे', 'यस्टर्डे' असे गठ्ठे पडतात. झिपमधून काढलेली फाइल मात्र सगळ्यात वर न येता कुठेतरी खाली जाते.
– राइट क्लिकचा मेन्यू अर्धाच येतो, बाकीच्यासाठी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं.
– फाइलला ७/१२ असं नाव देता येत नाही.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या मूळ सेटिंगच्या साठ्यात) हात घालायचा नाही आणि विकतचं सॉफ्टवेअर नको. विंडोजच्या आतलंच काय काय बदलता येईल?

---

ड्राइव्ह_डी

यातलं बहुतेक सगळं आतल्या सेटिंगनेच सुटतं. फक्त क्रम सांभाळा. आधी फाइली कुठे पडतात ते ठरवा, मग फोल्डर कसं दिसतं ते. उलट केलंत तर दिसण्याची सेटिंग तीन-तीन ठिकाणी करत बसाल.

होमचं आधी उरका, कारण तिथे दुसऱ्यांची कागदपत्रं उघडी पडतात. एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत तीन टिंबं > 'ऑप्शन्स' > 'जनरल'. 'ओपन फाइल एक्स्प्लोरर टू' इथे 'धिस पीसी' निवडा. त्याच टॅबवर खाली 'प्रायव्हसी' आहे. तिथल्या अलीकडच्या फाइली, वारंवार वापरलेली फोल्डरं आणि ऑफिसच्या फाइली या तिन्हींवरचे टिकमार्क काढा आणि 'क्लिअर' दाबा. एवढ्यावर थांबू नका, स्टार्ट मेन्यूतही हीच यादी येते. सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > स्टार्ट इथलं अलीकडच्या फाइली दाखवणारं बटण बंद करा.

आता जागा. विंडोजचं 'स्कॅन' ॲप फाइली पिक्चर्समधल्या 'स्कॅन्स'मध्ये ठेवतं आणि 'फॅक्स अँड स्कॅन' डॉक्युमेंट्समधल्या 'स्कॅन्ड डॉक्युमेंट्स'मध्ये. एकाच संगणकावर दोन माणसं दोन ॲप वापरत असली की स्कॅन विखुरणारच. डी ड्राइव्हवर 'आवक' नावाचं एकच फोल्डर करा आणि सगळं तिथेच पडू द्या. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्हची जागा 'आवक'. क्रोममध्ये सेटिंग्ज > डाउनलोड्स > लोकेशन इथेही 'आवक'. व्हॉट्सॲप वेब ब्राउझरचंच डाउनलोड फोल्डर वापरतं, त्यामुळे ते आपोआप आलं. स्कॅनरचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर फोल्डरचं नाव मात्र रोमन लिपीत ठेवा. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची संगणकाची एकच सांकेतिक पद्धत) न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला देवनागरी पत्ता म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं, आणि सेव्ह करताना तो अडतो.

शेजारी 'अर्ज' फोल्डर, त्यात महिन्याचं एक आणि महिन्यात अर्जदाराचं एक. काम झालं की फाइल 'आवक'मधून तिकडे हलवायची. संध्याकाळी 'आवक'मध्ये जे उरलं ते अपुरं काम, वेगळी नोंद ठेवायला नको.

दोन्ही फोल्डरं राइट क्लिक > 'पिन टू क्विक ॲक्सेस' करून डाव्या पट्टीत आणा. 'आवक'साठी आणखी एक करा: त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा, शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की'च्या चौकटीत क्लिक करून ए दाबा. तिथे कंट्रोल+ऑल्ट+ए असं येईल. मग कुठल्याही प्रोग्रॅममधून ते तीन दाबले की फोल्डर उघडतं. हे फक्त डेस्कटॉप किंवा स्टार्ट मेन्यूत ठेवलेल्या शॉर्टकटला लागू होतं. शॉर्टकट दुसऱ्या फोल्डरात हलवलात की की चालायची थांबते.

हिरव्या रेघेचं कारण असं. फोल्डरात बहुतेक फाइली जेपीजी दिसल्या की विंडोज त्याला स्वतःहून 'पिक्चर्स' साचा लावतं. त्या साच्यात 'डेट' आणि 'टॅग्ज' असे रकाने असतात, आणि ते भरायला प्रत्येक फाइल उघडून आत पाहावं लागतं. हजारो स्कॅन असले की यादी रेंगाळते. 'अर्ज' आणि 'आवक' या दोघांवर राइट क्लिक > प्रॉपर्टीज > 'कस्टमाइझ' > 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' > 'जनरल आयटम्स', आणि खालच्या उपफोल्डरांच्या चौकटीवर टिकमार्क. जुन्या फोल्डरांनाही हेच करा.

गठ्ठे काढायला फोल्डरात जाऊन 'सॉर्ट' > 'ग्रुप बाय' > 'नन'. झिपमधली फाइल खाली जाते कारण क्रम 'डेट मॉडिफाइड'वर लागलेला असतो, आणि झिपमधून काढलेली फाइल आपली मूळ तारीख घेऊनच येते. पेन ड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फाइलीचंही तसंच. 'आवक'मध्ये रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'डेट क्रिएटेड' आणा आणि त्यावर उतरता क्रम लावा. कॉपी झालेल्या फाइलीला ही तारीख कॉपीच्या क्षणाची मिळते, म्हणून आत्ता आलेलं ते सगळ्यात वर राहतं. पण त्याच ड्राइव्हवर नुसती हलवलेली फाइल जुनीच तारीख ठेवते, तेवढं ध्यानात असू द्या.

शेवटी ऑप्शन्स > 'व्ह्यू': 'हाइड एक्स्टेन्शन्स'वरचा टिकमार्क काढाच. पीडीएफच्या वेशात आलेली ईएक्सई (म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम) ओळखायचा तोच सोपा मार्ग आहे. पडदा छोटा असेल तर 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' चालू करा, ओळींमधली मोकळी जागा कमी होते.

---

युनिकोड_लिपिक

नावांबद्दल लिहितो, कारण पुढे शोधणं सगळं नावावरच अवलंबून आहे.

७/१२ चालत नाही कारण तिरपी रेघ ही फोल्डरांचे पत्ते तोडायला राखून ठेवलेली आहे. तिच्यासोबत उलटी तिरपी रेघ, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि लहान-मोठ्याची दोन चिन्हं, अशी एकूण ९ चिन्हं विंडोज घेत नाही. सरळ 'सातबारा' किंवा '७-१२' लिहा.

लांबीकडे लक्ष द्या. 'उत्पन्नाचा दाखला' यात आपल्याला ७ अक्षरं दिसतात. संगणकाच्या हिशेबात ती १६ आहेत: प्रत्येक काना, प्रत्येक हलन्त वेगळा मोजला जातो, मधली मोकळी जागासुद्धा. एक्स्प्लोररमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या शेवटापर्यंत पूर्ण पत्त्याला साधारण २६० ची मर्यादा आहे. अर्ज > महिना > पूर्ण नाव > दाखल्याचं पूर्ण नाव अशी उतरंड देवनागरीत लिहिली तर ती वाटते त्याहून लवकर भरते, आणि मग फाइल कॉपी होत नाही की नाव बदलत नाही. बॅकअप लिनक्सवरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) जात असेल तर मर्यादा आणखी कडक. तिथे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत बहुधा ईएक्सटी४ असते, एका नावाला २५५ बाइट्स, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं. म्हणजे एका नावात ८५ चिन्हं, पीडीएफचं एक्स्टेन्शन धरलं तर ८३. विंडोजवर नीट असलेली फाइल बॅकअपमध्ये गळते ती यामुळे.

मराठीत आणखी एक अडचण आहे, आणि ती डोळ्याला दिसत नाही. 'कुऱ्हाडे', 'गोऱ्हे' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधताना दोन्ही वेगळे. 'ॲ'चंही तसंच, तो एकसंध चिन्ह म्हणून येतो किंवा अ, जोडक आणि चंद्र असा जोडून. एका संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि दुसऱ्यावर फोनेटिक (रोमन उच्चारावरून टाइप करायचा) असेल तर एकाच आडनावाच्या निम्म्या फाइली सापडणार नाहीत. दोन्हीकडे एकच कीबोर्ड ठेवा आणि नुसत्या आडनावावर विसंबू नका. अर्ज क्रमांक नावात हवाच.

माझ्या मते नावाचा चांगला साचा: वर्ष-महिना-दिवस, अर्ज क्रमांक, आडनाव, कागदाचं छोटं नाव. '2026-01-19_क्रमांक_पाटील_रहिवासी' असा. अंक इंग्रजी कीबोर्डचेच टाका. देवनागरी ७ आणि इंग्रजी सात ही संगणकाला दोन निराळी चिन्हं आहेत, आणि एका फाइलीत एक, दुसरीत दुसरं असलं की शोध फसतो. महिना आणि दिवस दोन अंकीच ठेवा. एक्स्प्लोरर २ ला १० च्या आधी लावतो, पण सगळी सॉफ्टवेअरं तसं करत नाहीत.

पोर्टलवर चढवायच्या प्रतीचं नाव मात्र रोमन आणि बिनमोकळ्या जागेचं करा. देवनागरी नाव आलं की अपलोड नाकारणारी पोर्टलं अजून पुष्कळ आहेत, आणि चुकीच्या संदेशात खरं कारण क्वचितच सांगतात.

श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टच्या कीबोर्डने फाइलींना नावं देऊ नका. डीटीपीत तो फॉन्ट लावला की मजकूर मराठी दिसतो, एक्स्प्लोररच्या यादीला फॉन्ट लावायची सोय नाही. तिथे रोमन अक्षरांचा गोंधळच उरतो.

---

दाखला_खिडकी

साचा बदलल्यावर जुनं स्कॅनचं फोल्डर लगेच उघडलं. दोन गोष्टी अडल्या. 'व्ह्यू' टॅबवरचं 'अप्लाय टू फोल्डर्स' करड्या रंगात होतं, दाबता येईना. दुसऱ्या संगणकावर ते दाबलं गेलं, पण डाउनलोडचे गठ्ठे तसेच राहिले. आणि प्रिव्ह्यू पेनमध्ये (फाइल न उघडता आतलं दाखवणाऱ्या बाजूच्या खणात) आपण स्कॅन केलेल्या पीडीएफ दिसतात, पोर्टलवरून उतरवलेल्या दिसत नाहीत. फाइल धोकादायक असू शकते असा संदेश येतो. व्हायरस असेल का?

---

ड्राइव्ह_डी

'अप्लाय टू फोल्डर्स' तुम्ही 'होम' किंवा 'धिस पीसी'वर उभे असताना करडंच राहतं. आधी ज्या फोल्डरासारखं बाकीच्यांनी दिसायला हवं त्या फोल्डरात जा, तिथे रकाने, क्रम, डिटेल्स व्ह्यू सगळं मनासारखं लावा (कंट्रोल+शिफ्ट+६ ने डिटेल्स येतं), आणि त्याच खिडकीतून ऑप्शन्स उघडा.

ही आज्ञा फक्त त्याच साच्याच्या फोल्डरांना लागू होते. 'जनरल आयटम्स'मध्ये उभं राहून दाबलंत तर जनरलवाली सगळी बदलतील, पिक्चर्सवाली नाही. डाउनलोडचा साचा स्वतंत्र आहे, म्हणून तिथले गठ्ठे तिथे जाऊनच काढावे लागतात. सगळं विस्कटलं तर शेजारीच 'रीसेट फोल्डर्स' आहे.

---

खिडकी_उघडी

प्रिव्ह्यूचं कारण व्हायरस नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींचा प्रिव्ह्यू मुद्दाम बंद केला आहे. ब्राउझर अशा फाइलीला एक अदृश्य खूण जोडतो, ती एनटीएफएस ड्राइव्हवर (विंडोजच्या नेहमीच्या मांडणीच्या ड्राइव्हवर) फाइलीसोबत राहते. काही फाइलींच्या आत बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता असतो, नुसता प्रिव्ह्यू पाहिला तरी संगणक त्या पत्त्याला हाक मारतो आणि लॉगिनची सांकेतिक माहिती बाहेर जाऊ शकते. ते टाळायला हा बंदोबस्त. तुम्ही स्वतः स्कॅन केलेल्या फाइलीवर ही खूण नसते, म्हणून ती दिसते.

पोर्टलवरून स्वतः उतरवलेल्या दाखल्यासाठी: राइट क्लिक > प्रॉपर्टीज > 'जनरल', तळाशी 'अनब्लॉक'वर टिकमार्क, 'अप्लाय'. परिणाम कधीकधी पुन्हा लॉगिन केल्यावरच दिसतो. अर्जदाराने पाठवलेल्या फाइलीला मात्र सरसकट अनब्लॉक करू नका. ती डबल क्लिकने ब्राउझरमध्ये उघडून पाहा. प्रिव्ह्यू पेन ऑल्ट+पी ने चालू-बंद होतं, समोर दुसरं कुणी असताना बंदच ठेवलेलं बरं.

राइट क्लिकचा जुना पूर्ण मेन्यू हवा असेल तर शिफ्ट धरून राइट क्लिक करा, तो थेट येतो. रजिस्ट्री लागत नाही. त्या मेन्यूतलं 'सेंड टू' तुमच्या कामाचं आहे. विंडोज+आर दाबून इंग्रजीत 'शेल', कोलन आणि 'सेंडटू' सलग टाइप केलं की एक फोल्डर उघडतं. त्यात चालू महिन्याच्या फोल्डराचा आणि पेन ड्राइव्हचा शॉर्टकट टाका, दोन्ही मेन्यूत दिसू लागतील. महिना बदलला की शॉर्टकट बदला.

फाइल ओढण्याबद्दल एक इशारा. सी वरून डी वर ओढलेली फाइल कॉपी होते, मूळ तिथेच राहते. डी वरून डी वर ओढलेली हलते. एकाच कागदाच्या दोन प्रती आणि जुनी चढवली जाणं हे बहुधा इथूनच सुरू होतं. शिफ्ट धरून ओढलं तर नेहमी हलते, कंट्रोल धरून ओढलं तर नेहमी कॉपी.

नावं देताना एफ२ दाबून नाव लिहा आणि एंटरऐवजी टॅब दाबा. पुढच्या फाइलीचं नाव लगेच बदलायला उघडतं. पाच-सहा कागदांचा संच असेल तर माउसला हातही लागत नाही. एक्स्टेन्शन दिसत असलं तरी घाबरू नका, एफ२ फक्त नावाचा भाग निवडतो.

एक्स्प्लोरर उघडायलाच वेळ लागत असेल तर डाव्या पट्टीत बंद पडलेल्या संगणकाचं किंवा काढून टाकलेल्या नेटवर्क ड्राइव्हचं फोल्डर पिन केलेलं आहे का ते पाहा. विंडोज त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबतं. 'अनपिन' करा.

---

शोधक_मंडळ

शोधण्यासाठी 'एव्हरीथिंग' वापरा, फुकट आहे. ते एनटीएफएसच्या मुख्य तक्त्यातून नावं थेट वाचतं, म्हणून लाखो फाइलींतही टाइप करता करता यादी येते. फक्त नावं शोधतं, आतला मजकूर नाही. पण स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शोधण्यासारखा मजकूर नसतोच, ते चित्र असतं. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) केल्याशिवाय विंडोजचं इंडेक्सिंग (शोधासाठी आधीच करून ठेवलेली सूची) वाढवूनही हाती काही लागत नाही. युनिकोड_लिपिक यांचा नावांचा साचा पाळलात तर एवढं पुरतं.

मायक्रोसॉफ्टचं 'पॉवरटॉइज'ही फुकट आहे. त्यातली सगळी साधनं चालू ठेवू नका, दोनच ठेवा. 'पॉवररिनेम' राइट क्लिकमध्ये येतं आणि बदल लागू करण्याआधी जुनं-नवं नाव शेजारी दाखवतं. 'इमेज रिसायझर'मध्ये पोर्टल मागेल ते पिक्सेलचं माप एकदा जतन केलं की फोटोवर राइट क्लिक करून लागू होतं. मापासोबत 'फिट' निवडा. 'स्ट्रेच' चेहरा ताणतं, 'फिल' कडा कापतं. मूळ फोटोच बदलायची चौकट रिकामी ठेवा, नाहीतर लहान केलेला फोटो दुसऱ्या पोर्टलला मोठा हवा असेल तेव्हा मूळ हाती नसतं.

दोन खणांचा फाइल मॅनेजर हवा असेल तर 'डबल कमांडर' आहे: टॅबने खण बदलतो, एफ५ कॉपी, एफ६ हलवणं. पण दोन संगणकांवर माणसं बदलत असतील तर मी ते सुचवणार नाही. नव्या माणसाला एक्स्प्लोरर येत असतो. त्यातच २०२२ पासून टॅब आले आहेत. कंट्रोल+टी ने दुसरा टॅब उघडून एकात 'आवक', दुसऱ्यात 'अर्ज' ठेवता येतो, आणि फाइल ओढून दुसऱ्या टॅबच्या शीर्षकावर क्षणभर धरली की तो पुढे येतो.

---

बॅकअप_आधी

काही धोके वर आले नाहीत.

डाउनलोड फोल्डर प्रॉपर्टीज > 'लोकेशन'मधून डी वर नेता येतं. नेताना ते थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी लावू नका, आधी डी मध्ये एक रिकामं फोल्डर करा आणि ते निवडा. मुळाशी लावलंत तर विंडोज अख्ख्या डी ड्राइव्हलाच 'डाउनलोड्स' समजू लागतं आणि ते परत फिरवताना फार त्रास होतो. वर सांगितल्याप्रमाणे क्रोममध्येच जागा बदललीत तर याची गरजच पडत नाही.

दुसरा धोका वनड्राइव्ह. बॅकअप चालू असेल तर तुमचा डेस्कटॉप प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या आत असतो. फुकट जागा ५ जीबी, ती स्कॅनने भरली की सिंक थांबतं. फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल संगणकावर नाही, इंटरनेट गेलं की उघडणार नाही. बॅकअप बंद करायच्या आधी वनड्राइव्हमधलं डेस्कटॉप फोल्डर उघडून सगळं डी वर कॉपी करून घ्या. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात राहिलेल्या असतात.

आणि सेटिंग्ज > सिस्टम > स्टोरेज > 'स्टोरेज सेन्स' पाहा. डाउनलोडमधल्या न उघडलेल्या फाइली काही दिवसांनी पुसायची सोय तिथे आहे. ती 'नेव्हर'वर असायला हवी. कुणी ३० दिवस केलं असेल तर महिन्याभरापूर्वीच्या पावत्या न विचारता जातात.

'आवक' आणि 'अर्ज' दोन्ही डी वर असल्याने बॅकअपला ती दोनच फोल्डरं घ्यायची आहेत. पण डी हा सी च्याच डिस्कचा एक भाग असेल तर डिस्क गेली की दोन्ही जातात, म्हणून प्रत वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर ठेवा. आधार-पॅनच्या प्रती त्यात असणार, तेव्हा ती डिस्क काउंटरवर पडू देऊ नका. विंडोज ११ प्रो असेल तर तिला बिटलॉकर (विंडोजचं आतलंच डिस्कचं कुलूप) लावा.